सहलीचे पैसे पुण्यात, जबाबदारी कोठे?

पाषाणकडून येऊन महामार्ग ओलांडला की सूस लागते. मुळशी तालुक्यातील हे गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत सामील झाले. मनाने ते त्याच्या पुष्कळ आधीच शहरात येऊन पोहोचले होते. हिंजवडीच्या कचेऱ्यांत काम करणारी तरुण जोडपी आणि गावाकडचे घर बंद करून त्यांच्याकडे राहावयास आलेले त्यांचे आईवडील अशी येथील उंच गृहसंकुलांतील वस्ती आहे. जुन्या सूसकराचा प्रवास म्हणजे आळंदी-पंढरीची वारी आणि आयुष्यात एकदा काशी. नव्या सूसकराच्या घरी दिवाळी संपते न संपते तोच पुढच्या मे महिन्याची चर्चा सुरू होते, आणि तीत फुकेत, बाली, दुबई, व्हिएतनाम ही नावे महाबळेश्वर-माथेरानच्या सहजतेने घेतली जातात. यात हसण्यासारखे काही नाही. चार पैसे गाठीला असलेल्या माणसाने जग पाहावे हे चांगलेच. आमच्यापुढे प्रश्न आहे तो निराळा.

समजा, सूसला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या मुलाने तिच्यासाठी थायलंडच्या सहलीचे पैसे पुण्यातील एका कंपनीकडे भरले. विमान, हॉटेल, जेवण, बस, होडी, मराठी बोलणारा मार्गदर्शक हे सारे एका ठोक रकमेत. फुकेतच्या धक्क्यावर होडीतून उतरताना पायाखालची फळी सरकली आणि बाईंचे मांडीचे हाड मोडले. तेथील इस्पितळ, मग व्हीलचेअरवरून परतीचे विमान, मग पुण्यात शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर काठीचा कायमचा आधार. त्यांनी दाद कोणाकडे मागावी? ज्याचे नावही त्यांना ठाऊक नाही त्या होडीवाल्याकडे? होडी ठरविणाऱ्या तेथील मध्यस्थाकडे? की ज्याने पुण्यातील कचेरीत चहा पाजून पैसे मोजून घेतले त्याच्याकडे? हा शेवटचा गृहस्थ बहुधा अतिशय अदबीने सांगतो की झाले ते फार वाईट झाले, पण होडी आमची नव्हती. येथेच घोडे पेंड खाते.

उदाहरण कल्पित असले तरी प्रश्न कल्पित नाही. २३ ऑगस्ट २०२४ चा दिवस जळगाव जिल्ह्याच्या विस्मरणात जाणे शक्य नाही. वरणगाव-भुसावळ परिसरातील यात्रेकरूंचा मोठा जथा प्रयागराज, अयोध्या ही तीर्थे करून नेपाळात उतरला होता. पोखऱ्याहून काठमांडूकडे जाताना तनहुं जिल्ह्यात त्यांची एक बसगाडी रस्ता सोडून खाली मर्स्यांगदी नदीकडे कोसळली. गाडीत ४३ माणसे होती. त्यांतील २७ दगावली, बाकीची जखमी झाली. प्रवासी महाराष्ट्रातील, गाडी उत्तर प्रदेशातील, रस्ता नेपाळचा. हवाई दलाच्या विमानाने पार्थिव देह जळगावला आणण्यात आले, मंत्री धावले, आणि पंतप्रधानांच्या निधीतून मृतांच्या वारसांस दोन लाख व जखमींस पन्नास हजार रुपयांचे साह्य जाहीर झाले. यंत्रणेने त्या दिवशी तत्परता दाखविली हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु साह्य म्हणजे भरपाई नव्हे. सरकारी भाषेत या रकमेस सानुग्रह अनुदान म्हणतात, आणि त्या शब्दातच अनुग्रह आहे. अनुग्रह देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतो. तो किती असावा, कोणाला मिळावा, अपघातात किती माणसे गेली म्हणजे तो जाहीर व्हावा, हे ज्याला हवे त्याला विचारता येत नाही. सत्तावीस माणसे एकदम गेली म्हणून विमान गेले. फुकेतच्या धक्क्यावर एकट्या बाईंचा पाय मोडला तर त्यांच्यासाठी कोणताही निधी उघडत नाही. अशा एकट्या-दुकट्या जखमी माणसाला आधार असतो तो फक्त हक्काचा. आणि आपला हक्क कोणता हे सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या समाजाला फारसे माहीत नाही. सहलीत ढोकळा मिळणार की नाही हे चार वेळा विचारणारा प्रवासी, बस कोणाची आहे आणि तिचा विमा कोठवर चालतो हे एकदाही विचारीत नाही.

बसच्या विम्याचेच पाहा. आपल्याकडील मोटारींच्या विम्याचे क्षेत्र सामान्यतः भारतापुरते असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांत गाडी न्यावयाची तर जादा हप्ता भरून विमापत्राला तशी पुरवणी जोडून घ्यावी लागते. हा हप्ता एका प्रवाशाच्या दोन दिवसांच्या जेवणखर्चाइतकाही नसतो. सीमा ओलांडणाऱ्या बसमध्ये चढण्यापूर्वी ही पुरवणी आहे काय, एवढे विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाही. अयोध्येहून पशुपतिनाथाला जाणाऱ्या हजारो मराठी यात्रेकरूंपैकी किती जण ते विचारीत असतील?

आता पावतीच्या मागील बाजूकडे वळू. सहलीचे माहितीपत्रक पुढून रंगीत असते आणि शेवटच्या पानावर अक्षर अकस्मात बारीक होते. त्या बारीक अक्षरांत जवळजवळ सर्वत्र तीच चार-पाच वाक्ये थोड्याफार फरकाने आढळतात. कंपनी ही विमान कंपन्या, हॉटेले व वाहनमालक यांची केवळ मध्यस्थ आहे. इजा, मृत्यू, चोरी, विलंब यांस ती जबाबदार नाही. तक्रार असल्यास सहल संपल्यापासून अमुक दिवसांत न केल्यास हक्क संपला. वाद झाल्यास लवाद, आणि तोही कंपनीच्या शहरात. पुढील पानावर मात्र हीच कंपनी सांगत असते की आपण निश्चिंत व्हा, सगळे आमच्यावर सोपवा. एकाच कागदाच्या दोन बाजू परस्परांस इतक्या बिनदिक्कत खोटे पाडताना अन्यत्र क्वचितच दिसतील.

प्रस्तुत लेखकाची उमेदीची वर्षे शाळेत गेली. शाळेची सहल न्यावयाची म्हणजे पालकांकडून संमतिपत्रे घ्यावयाची, आणि त्यांवर काही बरेवाईट झाल्यास शाळा जबाबदार नाही असे छापलेले असे. परंतु त्या कागदाच्या बळावर घाटात मुलांची डोकी मोजण्याचे सोडून देणारा मास्तर आम्ही पाहिला नाही. पन्नास मुले घेऊन निघालेल्या माणसाची जबाबदारी तो ती घेऊन निघाला यातून उत्पन्न होते. संमतिपत्राने ती वाढत नाही की कमी होत नाही. कायद्याचा कलही, सुदैवाने, याच दिशेला आहे.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग सर्वस्वी बंद करणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल ठरतो. १९९७ सालच्या दुरुस्तीने त्यात आणखी एक महत्त्वाची भर पडली: अमुक मुदतीत मागणी न केल्यास हक्कच नष्ट होईल, असे कलमही आता टिकत नाही. तेव्हा सहल संपल्यापासून तीस दिवसांत तक्रार केली नाही म्हणून आपला हक्क बुडाला, असे सांगणाऱ्या कारकुनाला हे कलम दाखवावे. लवादाच्या कलमाचीही तीच गत आहे. ग्राहक-आयोगाकडे जाण्याचा मार्ग लवादाच्या कलमाने अडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या डिसेंबरात एका गृहबांधणी कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले. आणि पुढच्याच वर्षी, बलाढ्य पक्षाने तयार केलेल्या एकतर्फी करारातील कलमे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असेही त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका सदनिकाधारकाच्या बाबतीत म्हटले. हे निर्णय घरांविषयीचे होते. परंतु घर विकत घेणाऱ्यापेक्षा सहल विकत घेणाऱ्याची स्थिती अधिक बळकट आहे असे कोण म्हणेल?

मुख्य मुद्दा मात्र मध्यस्थाचा आहे. होडी आमची नव्हती, या उत्तराचे काय करावयाचे? आपल्या न्यायालयांनी ज्या इंग्रजी करारपरंपरेतून पुष्कळ काही घेतले आहे, त्या परंपरेत हा प्रश्न एका हृदयद्रावक प्रसंगातून सुटला. हाँगकाँगमधील एका आईची मुलगी तेथील कंपनीच्या सहलीबरोबर चीनमध्ये गेली होती. एका तलावावर ठरलेली नौका चुकली, म्हणून मंडळींना वेगवान होडीतून पलीकडे नेण्याचे ठरले. सोबतच्या मार्गदर्शकाने दुसरा पर्याय नसल्याचे सांगितले. होडी नेहमीच्या नाविकाकडे नव्हती. ती भरधाव जाऊन दुसऱ्या नौकेवर आदळली आणि मुलगी बुडाली. होडी हाँगकाँगच्या कंपनीची नव्हती, नाविक तिच्या नोकरीत नव्हता, मार्गदर्शकही चीनमधील दुसऱ्या संस्थेचा. खालच्या अपील न्यायालयाने कंपनीला सोडून दिले. आई लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये कौन्सिलने निर्णय फिरविला. त्यामागील विचार सरळ आहे. कंपनीने माहितीपत्रकात आम्ही नेऊ, आम्ही खाऊ घालू, आम्ही दाखवू अशी भाषा वापरली होती. कोणाशी तरी गाठ घालून देऊ अशी नव्हे. ज्याने सेवा पुरविण्याचे स्वतःच्या तोंडाने कबूल केले, त्याने ती दुसऱ्याच्या हातून पुरविली तरी ती वाजवी काळजीने पुरविली जाईल याची जबाबदारी त्याचीच राहते. काम दुसऱ्यावर सोपविता येते, वचन सोपविता येत नाही.

आमच्या मते संपूर्ण विषयाची किल्ली येथे आहे. आपले मराठी माहितीपत्रक काढून त्यातील क्रियापदे पाहावीत. आम्ही नेतो, दाखवतो, जेवू घालतो, काळजी घेतो, अशा प्रथमपुरुषी क्रियापदांनी ते ओसंडत असते. मराठी सहल-व्यवसायाची सारी कीर्तीच या आपलेपणावर उभी आहे. परदेशी भूमीवर पिठले-भात मिळतो, सोबत आपल्या भाषेचा माणूस असतो, आजीबाईंची औषधे तो वेळेवर आठवतो. या व्यवसायाने मध्यमवर्गाला जग दाखविले याबद्दल आम्हांस आदर आहे. पण ज्या आपलेपणाचे मोल घेतले तो आपलेपणा अपघाताच्या क्षणी केवळ मध्यस्थीत रूपांतरित होऊ शकत नाही.

युरोपाने ही गोष्ट न्यायालयाच्या मर्जीवर ठेवली नाही. १९९० च्या निर्देशाने आणि पुढे २०१५ च्या निर्देशाने तेथे कायदाच झाला की एकत्रित सहल विकणारा हा तिच्यातील प्रत्येक सेवेस उत्तरदायी आहे, मग ती सेवा कोणीही पुरवो. इंग्लंडने त्यानुसार १९९२ मध्ये नियम केले. या नियमांखाली कंपनीची जबाबदारी किती दूरवर जाते हे जुलै २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात दिसले. श्रीलंकेच्या हॉटेलात एका प्रवासी स्त्रीवर हॉटेलच्या नोकराने २०१० मध्ये अत्याचार केला होता. वाट दाखविण्याच्या मिषाने त्याने तिला आडबाजूला नेले होते. हॉटेलही कंपनीचे नव्हते, नोकरही नव्हता. तरीही पाहुण्याला वाट दाखविणे ही सहलीतील सेवेचाच भाग असल्याचे मानून न्यायालयाने सहल विकणाऱ्या कंपनीवर जबाबदारी ठेवली. (सहलीच्या कायद्यात विनोदही आहे. १९६९ मध्ये एका इंग्रज वकिलाने स्वित्झर्लंडची नाताळची सहल घेतली. दुसऱ्या आठवड्यात हॉटेलात तो एकटाच पाहुणा उरला, आणि जाहिरातीतील गायनाचा कार्यक्रम म्हणजे कामाच्या कपड्यांत आलेल्या एका गावकऱ्याने घाईघाईत म्हटलेली चार-पाच गाणी निघाली. सहलीस त्याने त्रेसष्ट पौंड मोजले होते. अपील न्यायालयाने त्याच्या हिरमोडापोटी त्याला सव्वाशे पौंड देवविले.)

याचा अर्थ पाय मोडला की पैसे मिळाले, असा मात्र कोणी घेऊ नये. त्याच इंग्लंडात एक प्रवासी ग्रीसमधील हॉटेलच्या काचेच्या दारावर पडून जबर जखमी झाला. काच इंग्लंडच्या मानाने कमी जाडीची होती, पण ग्रीसच्या नियमांत बसत होती. आणि तेथील नियम पाळले गेले आहेत एवढे पाहणे कंपनीचे कर्तव्य, असे म्हणून न्यायालयाने १९९० च्या दशकात त्याचा दावा फेटाळला. हा निर्णय आम्हांस पुरता पटत नाही. ज्या देशात होडीवर जीवरक्षक जाकिटे देण्याचा धाक नाही त्या देशात ती नसणे हे स्थानिक मानाने योग्य ठरेल, आणि मग अनुभवी कंपनीबरोबर जाण्यात अर्थ काय राहिला? निदान असा धोका आगाऊ सांगण्याचे बंधन तरी विकणाऱ्यावर असावयास हवे. परंतु निर्णय आहे तो आहे, आणि आपल्या आयोगापुढेही प्रवाशाला एवढे दाखवावे लागेल की कोणाची तरी हयगय झाली. दारूच्या नशेत तलावात उडी घेणाऱ्याला, किंवा मार्गदर्शक नको म्हणत असता कड्यावर छायाचित्र काढावयास जाणाऱ्याला, कोणताही कायदा वाचवीत नाही.

आता सूसच्या बाईंकडे परत येऊ. भारतात युरोपासारखा सहलींचा खास कायदा नाही. आहे तो ग्राहक संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा. पण तो दुबळा नाही. त्याच्या मागे पुण्याचाही वाटा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली, त्यानंतर बारा वर्षांनी १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याने सहलीच्या प्रवाशाला तीन मोठ्या सोयी करून दिल्या. पहिली, तक्रार ग्राहक जेथे राहतो तेथे करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असो वा दिल्लीत, सूसच्या रहिवाशाने पुणे जिल्हा ग्राहक आयोगापुढे जावे. दुसरी, पैसे मुलाने भरले, तो स्वतः गेलाच नाही, मग आई ग्राहक कशी, हा आक्षेप चालत नाही. पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहकच, आणि ग्राहक मरण पावल्यास त्याचे वारसही तक्रारदार होऊ शकतात. सूसच्या कित्येक घरांत सहल ही मुलांनी आईवडिलांना दिलेली भेट असते, तेथे ही तरतूद मोलाची आहे. तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कोणत्या आयोगाकडे जावयाचे हे आता मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या किमतीवरून ठरते. पन्नास लाखांपर्यंतची किंमत असेल तर जिल्हा आयोग, आणि ती पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क काहीच नाही. म्हणजे तीन लाखांच्या सहलीत पाय गमावलेला माणूस तीस लाखांची भरपाई मागत असला तरी त्याला आयोगाच्या दारात एक रुपयाही शुल्क मोजावे लागत नाही. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल करता येते.

मुदत मात्र दोन वर्षांची. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. जखमी माणसाची पहिली सहा महिने इस्पितळात, दुसरी सहा व्यायामात, आणि पुढची कंपनीच्या गोड पत्रव्यवहारात जातात, हे आम्ही पाहत आलो आहोत. इजा विमानात, किंवा विमानात चढता-उतरताना झाली असेल तर बाब आणखी निराळी. तेथे माँट्रियलचा १९९९ चा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून सामील आहे, आणि ठरावीक मर्यादेपर्यंत विमान कंपनीची चूक सिद्ध करण्याचीही गरज राहत नाही. मुदत तेथेही दोनच वर्षांची, आणि ती सहसा वाढत नाही.

ज्या देशात अपघात झाला त्याचा कायदाही नजरेआड करू नये. जून २०१९ मध्ये मस्कतहून दुबईला परतणारी बस दुबईत उंचीच्या अडसरावर आदळून १७ माणसे गेली, त्यांतील १२ भारतीय होते. तेथील न्यायालयाने पुढल्या महिन्यात चालकाला मृतांच्या कुटुंबीयांस 'दिया', म्हणजे रक्तमूल्य, देण्याचा हुकूम केला. असे हक्क परदेशात असू शकतात. ते कळावेत म्हणून भारतीय वकिलातीला लेखी कळविणे, हे दूतावासाच्या दारात जाण्याचा संकोच वाटणाऱ्या आपल्या लोकांनी शिकले पाहिजे.

पुरावा हा या साऱ्याचा पाया. आणि तो पहिल्या चोवीस तासांत जमला नाही तर पुढे जमत नाही. फळी सरकली की बाईंना उचलून नेतात, दुसऱ्या दिवशी फळी बदललेली असते आणि सहप्रवासी पुढील गावी गेलेले असतात. म्हणून सोबतच्या माणसाने, मनावर दगड ठेवून का होईना, जागेचे छायाचित्र घ्यावे, मार्गदर्शकाला घडलेला प्रकार तेथल्या तेथे लेखी किंवा व्हॉट्सॲपवर कळवावा, दोन सहप्रवाशांचे दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावेत, आणि पोलिसांची नोंद व इस्पितळाचे कागद मूळ भाषेत का असेनात बरोबर आणावेत. भाषांतर येथे होते. माहितीपत्रक आणि कार्यक्रमपत्रिका टाकून देऊ नये, कारण वचन त्यांत आहे. आणि वेदनेने कळवळत असता, न वाचता येणाऱ्या लिपीतील कोणत्याही कागदावर सही करू नये. काही हजार बाटांच्या बदल्यात फारकती लिहून घेण्याची रीत सगळीकडे सारखीच आहे.

प्रवासविम्यावर येथे थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण तोच पुढे करून प्रवाशाची समजूत काढली जाते. विमा इस्पितळाचे बिल भागवितो, तेही त्याच्या अटींत बसले तर. मोडलेल्या पायाची, बुडालेल्या कमाईची, आयुष्यभराच्या परावलंबनाची जबाबदारी ज्याची आहे त्याची ती विम्याने फिटत नाही. साहसी खेळ, मद्यपान, पूर्वीचा आजार ही कारणे दाखवून मागणी फेटाळली गेल्यास वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते, आणि त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे. पण आणखी एक सापळा आहे. समुद्रकिनाऱ्यावर पॅराशूटला लटकणे, होडीमागे केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर बसणे, असे प्रकार पुष्कळदा ठोक रकमेत नसतात. मार्गदर्शक तेथेच वेगळे पैसे गोळा करतो. अशा पैशाची पावती पुण्याच्या कंपनीची नसते, आणि नेमकी तिथेच माणसे जखमी होतात. ज्या गोष्टीची पावती नाही तिची जबाबदारी कोणाची, हे विचारून मगच पाकीट उघडावे.

एवढे हक्क असता तक्रार कशाची, असे कोणी विचारील. तक्रार ही की हे सारे सर्वसाधारण कायद्याच्या अर्थावर आणि आयोगाच्या सवडीवर टांगलेले आहे. कायदा सांगतो की नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल व्हावा; वस्तुस्थिती काय आहे हे आयोगाच्या आवारात एक दिवस बसणाऱ्यास कळते. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयास स्वतः होऊन दखल घ्यावी लागली. प्रत्येक जखमी प्रवाशाने सहल विकणारा हा मध्यस्थ नव्हे हे पहिल्या अक्षरापासून नव्याने सिद्ध करावयाचे, आणि तेही कुबड्या घेऊन, ही व्यवस्था न्याय्य नाही.

आणि सरकारला सहल म्हणजे काय हे कळत नाही असेही नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलींच्या शुल्कावर विक्रेत्याकडूनच कर गोळा करून घेण्याची तरतूद अमलात आली. त्यासाठी संसदेने परदेशी सहलीची व्याख्या केली: भारताबाहेरील देशाच्या भेटीची, प्रवास, निवास, भोजन वा तत्सम खर्चासह दिलेली सहल. व्याख्या सुटसुटीत आहे, आम्हांस तिच्यात दोष दिसत नाही. त्या व्याख्येनुसार पुण्यातील विक्रेता हा मध्यस्थ नसतो, सहलीचा विक्रेता असतो. संपूर्ण रकमेवर तो कर घेतो आणि सरकारजमा करतो. तिजोरीच्या बाबतीत जो संपूर्ण सहलीचा विक्रेता आहे, तो मोडलेल्या पायाच्या बाबतीत केवळ दलाल कसा? पर्यटन मंत्रालयाची सहल-संस्थांना मान्यता देण्याची योजना ऐच्छिक आहे. ज्याला हवे त्याने मान्यता घ्यावी, नको त्याने फलक लावून धंदा करावा. शेजारच्या गोव्याने १९८२ साली पर्यटन-व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा केला. महाराष्ट्राला सहल विकणाऱ्यांची सक्तीची नोंदणी करण्यास कोणती अडचण आहे? नोंदणीबरोबर उत्तरदायित्वाचा विमा सक्तीचा करावा, म्हणजे निकाल लागेपर्यंत कंपनीच गुंडाळली गेल्याचे ऐकावे लागणार नाही. यातून सहली थोड्या महागतील. दरडोई काही शे रुपयांची ही वाढ प्रामाणिक व्यावसायिकांना जाचक वाटू नये. स्वस्त दराची जाहिरात करून जबाबदारी टाळणाऱ्याशी स्पर्धा करावी लागते ती त्यांनाच.

केंद्राने काही करावयाचे म्हटले तर नव्या विधेयकाची वाट पाहण्याचेही कारण नाही. २०१९ च्या कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालेले आहे, आणि संगणकावरील खरेदीत ग्राहकाला फसविणाऱ्या मांडणीविरुद्ध त्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढलेली आहेत. सहल विकणाऱ्यांसाठी तशीच तत्त्वे त्याने काढावीत. ठोक रकमेत समाविष्ट असलेल्या प्रत्येक सेवेस, ती कोणीही पुरविली तरी, पैसे घेणारा उत्तरदायी राहील. वाहनाचा व विम्याचा तपशील निघण्यापूर्वी प्रवाशाच्या भाषेत लेखी दिला जाईल. आणि मार्गदर्शकाने वाटेत गोळा केलेल्या पैशांची पावती कंपनीच्याच नावाने मिळेल, एवढी तीन कलमे त्यांत असली तरी सूसच्या बाईंना होडीवाल्याचे नाव शोधत बसावे लागणार नाही.